‘मजा’ आला की आली?

मिर्झा गालिब यांना कोणीतरी विचारले, ‘रथ’ हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? दिल्लीत काही लोक तो रथ म्हणत, काही ती रथ म्हणत. मिर्झांनी निवाडा दिला की, आत बायका बसल्या असतील तर स्त्रीलिंगी समजा, पुरुष बसले असतील तर पुल्लिंगी. मौलाना हाली यांनी ‘यादगार-ए-गालिब’मध्ये (१८९७) ही आठवण नोंदवून ठेवली आहे.

वर्गात हा किस्सा सांगितला की मुले पोट धरून हसतात. त्यामागची चुरस मात्र त्यांना सांगूनही पुरती उमगत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दिल्ली आणि लखनौ या दोन शहरांचे असल्या शब्दांवरून खरोखरच वाजत असे. ‘बुलबुल’ गातो की गाते? ‘सांस’ चालतो की चालते? ‘कलम’ तुटला की तुटली? एक बाजू आपल्या उस्तादाचा शेर सनद म्हणून पुढे करी, दुसरी बाजू आपल्या उस्तादाचा. तलवारी कोणी उपसत नव्हते, पण शिष्य उस्तादाच्या वतीने वर्षानुवर्षे अबोला धरीत. निर्जीव वस्तूला लिंग द्यायचे तर त्याला अर्थाचा आधार नसतो. असतो तो फक्त वहिवाटीचा. वहिवाट कोणाची मानायची, हा भांडणाचा खरा विषय होता. रथात कोण बसले आहे यावर सारे अवलंबून, हे गालिब थट्टेत बोलून गेले. आम्हांला ते थट्टेपेक्षा जास्त वाटते, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. महाराष्ट्रातल्या अशा शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे शिक्षकखोलीत दिल्ली-लखनौच्या जागी उर्दू-मराठीचा सामना रोज मधल्या सुट्टीत रंगतो. मराठीचे सर म्हणतात, “काय हो सर, तुमच्या उर्दूत टेबलसुद्धा बाईमाणूस?” कारण मेज स्त्रीलिंगी. उर्दूवाला म्हणतो, “आणि तुमच्या मराठीत जितेजागते लेकरू ना बाई ना पुरुष!” मग कोकणातली कोणी बाई सांगते की आमच्याकडे तर वयात आलेली पोरगीही ‘तें चेडू’च असते. चहा निवतो. घंटा होते.

हा खेळ गमतीचा आहे आणि उपयोगाचाही. बी.एड.च्या वर्गात ‘मातृभाषेचे अध्यापन’ या नावाखाली जे शिकवतात, त्यापेक्षा या थट्टेतून माणूस अधिक व्याकरण शिकतो. ‘ने’चेच पाहा. उर्दूत ‘मैं ने रोटी खाई’. क्रियापद खाणाऱ्याकडे पाठ फिरवून रोटीशी जुळते. मराठीतही ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीशीच जुळते, पण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. तो लागतो फक्त ‘त्याने’, ‘तिने’, ‘रहीमने’ यांना. म्हणून आमची पाचवीतली मुले बिनदिक्कत ‘मीने पुस्तक वाचले’ असे लिहितात. मुलांची यात चूक काय? नियमाचा अर्धा भाग दोन्हीकडे सारखाच आहे. उरलेला अर्धा मराठीने परस्पर बदलून घेतला आहे. त्यातच ‘तू’ आला की कमाल होते : ‘तू भाकरी खाल्लीस’. क्रियापदाचा ‘ई’ भाकरीचा आणि ‘स’ तुझा. एकाच क्रियापदावर दोघांचा हक्क! उर्दूवाले यावर हसतात, पण मनातून चकित होतात.

मग उर्दूवाल्यांची पाळी येते. ‘ने’चा एवढा दिमाख, तर ‘लाना’ला तो का चालत नाही? ‘मैं किताब लाया’, ‘मैं ने’ नाही. ‘भूलना’ आणि ‘बोलना’ यांनाही सहसा चालत नाही. इथे मात्र मराठी हळूच येऊन शेजारी बसते. ‘मी धडा विसरलो’, ‘तो खरे बोलला’. विसरणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला दोन्ही भाषांनी ‘ने’ माफ केला आहे. हे आम्हांला कोणत्या पाठ्यपुस्तकाने दाखवले नाही, मधल्या सुट्टीतल्या भांडणाने दाखवले.

दह्याचा दावाही सांगायला हवा. उत्तर हिंदुस्थानात दही ‘खट्टा’ की ‘खट्टी’ हा वाद जुना आहे. मराठीने तो मुळातच उद्भवू दिला नाही. ‘आंबट’ हे विशेषण अकारान्त. लोणचे असो, चिंच असो की ताक असो, ते आपले रूप बदलत नाही. दही ‘आंबट झाले’ म्हणताना नपुंसकलिंग डोके वर काढते खरे, पण तोवर दही खाऊन संपलेले असते.

खरी मौज आहे ती दोन्ही घरी राहून आलेल्या शब्दांची. फारसी-अरबीतून उर्दूत आलेले शब्द मराठीतही आले, आणि उंबरठा ओलांडताना पुष्कळांनी लिंग बदलले. उर्दूत शहर, नुकसान, वजन, जहाज, कर्ज, इनाम हे सारे पुरुष. मराठीत ती सगळी ‘ते’ झाली. उर्दूत दुकान आणि मेज स्त्रिया. मराठीत त्याही ‘ते’. बाजार आणि हिशेब पुरुषच राहिले. जमीन, किंमत, इमारत, तारीख स्त्रियाच राहिल्या. दरवाजा, पडदा, फायदा यांनी मराठी घोड्याची चाल उचलली : दरवाजा-दरवाज्याला, घोडा-घोड्याला. पण ‘मजा’ आणि ‘नशा’ यांनी वेगळीच वाट धरली. उर्दूतला ‘मजा’ आणि ‘नशा’ पुरुष आहेत. मराठीत आपण ‘मजेत’ असतो, ‘मज्यात’ नसतो. माणूस ‘नशेत’ असतो, ‘नश्यात’ नसतो. म्हणजे हे दोघे दरवाज्यामागून न जाता थेट सभा, भाषा, आशा यांच्या महिलामंडळात जाऊन बसले. व्याकरणाची पुस्तके ‘मजा’ला अजूनही बाग, वेळ, तंबाखू, ढेकर यांच्याबरोबर दुहेरी लिंगाच्या पंगतीत वाढतात. बोलण्यात मात्र निकाल लागलेला आहे.

या प्रवासाचा अभ्यास आपल्याच मुलखात झाला, हे आपल्यातल्या थोड्यांना ठाऊक असते. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार तेव्हाच्या औरंगाबादेतून कित्येक वर्षे चालवला. तिथेच त्यांनी मराठी भाषेवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूतून एक छोटे पुस्तक लिहिले. त्याआधी १९२५मध्ये माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ निघाला होता. (याच माधवरावांनी पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली. ज्याने पाहुण्यांची यादी केली त्यानेच दार लावून घ्यावे, हा दैवदुर्विलास की अतिपरिचय, कोण जाणे.) आम्हांला आज इथे हवे आहे ते अंजुमनचे आणखी एक पुस्तक. इंशा अल्लाह खान ‘इंशा’ यांचे ‘दरिया-ए-लताफत’.

इंशा हा भाषेचा बहुरूपी होता. ‘रानी केतकी की कहानी’मध्ये त्याने अरबी-फारसी शब्द येऊ न देण्याची पैज मारली आणि निभावली. १८०८च्या सुमारास त्याने मिर्झा कतील यांच्या साथीने उर्दूचे व्याकरण लिहिले, तेही फारसीत. उर्दूभाषकाने लिहिलेले उर्दूचे ते पहिले मोठे व्याकरण. पंडित ब्रजमोहन दत्तात्रेय कैफी यांनी केलेले त्याचे उर्दू भाषांतर अंजुमनने १९३५मध्ये छापले. व्याकरणाचे पुस्तक इतके हसवणारे असू शकते यावर शिक्षकांचा विश्वास बसणार नाही. दिल्लीचा कोणता मोहल्ला कसा बोलतो, पूरबचा माणूस कुठे घसरतो, पंजाबी कुठे अडखळतो, यांच्या त्यात हुबेहूब नकला आहेत. बी नूरन आणि मीर गफर गैनी यांचा संवाद वाचताना आपण व्याकरण वाचतो आहोत की फार्स पाहतो आहोत, हे कळेनासे होते.

याच पुस्तकात इंशाने एक तत्त्व मांडले आहे, आणि उर्दूचे शिक्षक ते अभिमानाने सांगतात. त्याचा आशय असा : जो शब्द उर्दूत रुळला तो उर्दूचा झाला. मग तो मूळचा अरबी असो, तुर्की असो की पंजाबी, आणि मूळ भाषेच्या हिशेबाने तो चूक असो की बरोबर. उर्दूत तो कसा चालतो, यावरच त्याचा खरेखोटेपणा ठरवावा. दोनशे वर्षांपूर्वी हे म्हणायला छाती लागते. अरबीच्या मौलवीला दारातच अडवण्यासारखे हे आहे.

आता हेच तत्त्व घेऊन शिक्षकखोलीत जा. ‘मजा आली’ ऐकून कान टवकारणाऱ्या उर्दू शिक्षकाला इंशाच सांगेल की बाबा, तो शब्द आता मराठीचा आहे, तिथल्या वहिवाटीने चालू दे. ‘दुकान खुली’ म्हणणाऱ्या पोराला हसणाऱ्या मराठी शिक्षकालाही तो हेच सांगेल. इथपर्यंत सामना बरोबरीचा राहतो.

पण खुद्द इंशाचे तत्त्व दिल्लीच्या वेशीवर येऊन थांबते. शब्द कुठूनही येवो, त्याला तो घर देतो. माणूस कुठूनही आला तर त्याची नक्कल करतो. दिल्लीतलेही सगळे मोहल्ले त्याला चालत नाहीत. शरीफ घराण्यांची जबान तेवढी सनद. म्हणजे रथात कोण बसले आहे, हे त्यानेही पाहिलेच. आमच्या मते हा या थोर पुस्तकाचा दोष आहे, आणि तो त्याच्या विनोदात पुरता मिसळून गेल्यामुळे सहज दिसत नाही. बरोबरीच्या लोकांत ज्याला थट्टा म्हणतात, तीच वरच्या पायरीवरून खाली आली की परीक्षा होते.

या परीक्षेत कायम नापास ठरलेली जबान म्हणजे आपली दखनी. ‘आपली’ म्हणताना आम्ही कोकणातल्या बंधुभगिनींना वगळत नाही. त्यांच्या घरात कोकणी बोली आहे आणि दखनीचा त्यांच्यावर बोजा नाही. पण मराठवाडा, सोलापूर आणि आसपासच्या मुलखात पुष्कळ मुस्लिम घरांत आई जी बोलते ती दखनी. उर्दूवाले तिला बिघडलेली उर्दू म्हणतात, मराठीवाले बिघडलेली हिंदी. दोघेही हसतात. दोन पहिलवानांच्या कुस्तीत पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पोराला दोघांनीही टपली मारावी, तसे हे आहे.

बिघाड म्हणतात तो काय, तेही पाहू. उर्दू म्हणते : मां ने रोटी खाई, बाप ने रोटी खाई. रोटी स्त्रीलिंगी, म्हणून दोन्हीकडे ‘खाई’. दखनी म्हणते : मां रोटी खाई, बाप रोटी खाया. इथे ‘ने’ नाही, आणि क्रियापद खाणाऱ्याशी जुळते. हा अज्ञानातला गोंधळ असता तर कधी असे, कधी तसे झाले असते. पण आमच्या कोणत्याही निरक्षर नानीला ‘बाप रोटी खाई’ म्हणायला लावून दाखवा! ती म्हणणार नाही. ज्याला मोडता येत नाही तो नियम असतो, आणि नियम असतो तिथे व्याकरण असते. उर्दू आणि मराठी दोघींनी मिळून जो ‘ने’चा गुंता जपला, तो दखनीने सोडवून टाकला.

मराठीशी तिचे देणेघेणे तर रोजचेच. ‘नको’ तिने जसाच्या तसा उचलला. जोर देणारा ‘च’ तिने मराठीकडूनच घेतला : अब्बीच, यहींच, वैसाच. ‘कायकू’मध्ये मराठी ‘काय’ आणि दखनी ‘कू’ एका ताटात जेवतात. हे काही आजचे बाजारू मिश्रण नाही. मुल्ला वजहीच्या ‘सबरस’चा काळ १६३५, आणि ‘नको’ तेव्हाच्या दखनी वाङ्मयातही भेटतो. वलीचा दीवान दिल्लीला पोहोचला, तेव्हा तिथले शायर फारसीतून बाहेर पडून रेख्त्याकडे वळले, हे उर्दू साहित्याचा प्रत्येक इतिहास सांगतो. पुढे त्याच दिल्लीने दखनीला गावंढळ ठरवले. ज्या अंजुमनने इंशा छापला, तिनेच ‘सबरस’ही छापून उजेडात आणला. अब्दुल हक साहेबांचे हे उपकार आम्ही मानतो.

विसाव्या शतकात दखनीला जागा मिळाली ती मुशायऱ्यातल्या विनोदी फेरीत. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब त्या फेरीचे बादशहा. त्यांच्या कविता हसवता हसवता गळा दाटवतात, हे ऐकलेल्यांना माहीत आहे. पण श्रोते दखनीचा पहिला शब्द ऐकताच हसायला लागतात, अजून विनोद व्हायचा असतो तरीही. भाषा हाच विनोद, असे एकदा ठरून गेले की त्या भाषेत मयतीची खबर कशी द्यायची?

आणि इथे आपल्या कथाकारांकडे वळावे लागते. १९९०मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एक मागणी करत आलो आहोत : मराठी साहित्यात मुसलमान माणूस खराखुरा दिसावा. ऐतिहासिक नाटकातला ‘हम तुमको छोडेगा नहीं’ म्हणणारा खान आपल्याला नको होता, आणि ते योग्यच होते. त्या खानाची भाषा कोणत्याही मुलखात बोलली जात नव्हती. पण त्याच्या जागी आपण कोणाला आणले? विशेषांकांतल्या कथा आम्ही आवडीने वाचतो आणि वाचताना दरवेळी एका जागी अडखळतो. कथेचे निवेदन चांगल्या, रांगड्या मराठीत असते. शेताचा वास येतो, बाजाराचा गलका ऐकू येतो. आणि आई तोंड उघडते ती एकदम लखनवी : “बेटा, तुमने खाना खा लिया?” विडी वळणारी, चौथीत शाळा सुटलेली ही आई ‘तुमने’ कुठे शिकली? ती म्हणणार, “खाना खाया क्या रे? नको बोलके उठ नक्को.” लेखकाने हे कानाने ऐकलेले असते, लिहिताना मात्र हात आखडतो. मराठी वाचक हसेल ही एक भीती. उर्दूवाले नाक मुरडतील ही दुसरी. तिसरी थोडी आतली आहे. आपली आई अडाणी दिसेल.

दुसरे काही लेखक आईला सरळ प्रमाण मराठी बोलायला लावतात. तो सोयीचा मार्ग आहे आणि कोकणातल्या कथेत बोलीचा रंग भरला तर तो खराही ठरतो. मराठवाड्यातल्या कथेत तो भाषांतरासारखा वाटतो. कथा बिघडत नाही, पण आई अनोळखी होते.

या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणतो आहोत, त्याचाही थोडा खुलासा करायला हवा. मराठीत दोन ‘हम’ आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर; ‘आपण’ म्हटले की तो आत. उर्दूजवळ एकच ‘हम’, त्यात कोण आत आणि कोण बाहेर हे बोलणाऱ्याच्या मनात. शिक्षकखोलीत हा मराठीचा हुकमी एक्का आहे. उर्दूवाला त्यावर म्हणतो, तुमचा ‘आपण’ तर आदराचा ‘तुम्ही’ही होतो, मग साहेबाला ‘आपण जेवलात का’ विचारताना तुम्ही त्याच्या ताटात जेवता का? उत्तर कोणी देत नाही. पण उर्दूचा ‘आप’ आणि मराठीचा ‘आपण’ एकाच मूळ शब्दाची, संस्कृत ‘आत्मन्’ची, लेकरे आहेत; एकाने आदर घेतला, दुसऱ्याने आदरही घेतला आणि आपलेपणाही. दखनीने काय केले? तिने ‘हम’ ठेवला आणि शेजारी ‘अपन’ही बसवला. ‘हम जाते’ म्हणजे तुला सोडून, ‘अपन जाएंगे’ म्हणजे तुझ्यासकट. उर्दूचे कापड आणि मराठीची बेतणी. अशी भाषा घरात असलेल्या लेखकाने दोन्ही दारांत उभे राहून उच्चार तपासून घ्यावेत, याचे आम्हांला वाईट वाटते.

दखनी संवाद लिहावेत एवढेच म्हणून भागत नाही, हेही खरे. ते लिहायचे कसे, हा प्रश्न राहतोच, आणि त्यात पहिला दोष नेहमीच लेखकाचा नसतो. ‘मां रोटी खाई’ असे हस्तलिखित जाते आणि ‘मां ने रोटी खाई’ छापून येते. मुद्रितशोधक आपले कर्तव्य करतो. त्याला ती चूक दिसते. लेखकाने समासात ‘तसेच ठेवावे’ असे लिहून पाठवले पाहिजे आणि संपादकांनी ते पाळले पाहिजे. दुसरे, लेखनात एकवाक्यता नाही. आमच्या वाचनात जोर देणारा ‘च’ तीन तऱ्हांनी आला आहे : ‘मैंच’, ‘मैंइच’ आणि तोडून ‘मैं च’. ‘नको’ही कधी ‘नको’, कधी ‘नक्को’. यातला काही फरक उच्चाराचा आहे. नळदुर्गची बाई आणि नांदेडची बाई एकसारखी बोलत नाही, तो फरक राहावा. पण एकाच कथेतली एकच बाई पहिल्या पानावर ‘मैंइच’ आणि तिसऱ्या पानावर ‘मैं च’ म्हणू लागली तर तो उच्चार नव्हे, गबाळेपणा आहे. आमच्यापुरते म्हणाल तर ‘च’ मराठीसारखा शब्दाला जोडूनच लिहावा, आणि जिथे ‘इ’ स्पष्ट ऐकू येते तिथेच ती लिहावी.